केरबाचं बोट, ट्रायकचं दार

उंब्रजला हायवेच्या सर्व्हिस रोडलगत शमशेर शिकलगाराचं दुकान आहे. दुकानावर पाटी नाही. एकदा लावली होती, ती वावटळीत उडाली आणि कुणाच्या तरी उसात सापडली. ज्याला सापडली तो बिचारा ती घेऊन परत आला, तर शमशेर म्हणाला, ऱ्हाऊ दे, तुज्या गोठ्याला लाव. पाटीचं त्याला कधी अडलंच नाही. वार्निशचा वास कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाड्यापर्यंत येतो, आणि पंचक्रोशीत कुणाची मोटर जळली की माणूस त्या वासाच्या मागं बरोबर दुकानात येतो.

शिकलगार म्हणजे धार लावणारे. शमशेरच्या पणज्यानं तलवारींना धार लावली, असं घरात सांगतात. बापानं मात्र विळे, कोयते आणि अडकित्त्यांनाच लावली, तीही बाजारात चाक फिरवत उन्हात बसून. शमशेरला त्या चाकाचा कंटाळा होता. मिसरूड फुटायच्या आत तो कऱ्हाडला एका वायंडिंगवाल्याकडं राहिला, उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या आणि मोटर भरायला शिकून आला. तेव्हापासून आज साठी ओलांडली तरी जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजायचं आणि भट्टीत भाजायचं, हाच त्याचा धर्म. पाच वेळची नमाज त्यानंतर, असं त्याची बायको हयात असताना रागानं म्हणायची. ते खोटं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं.

शमशेरच्या जगात जोराला किंमत होती. पाणी उंच चढवायचंय तर मोटर मोठी, मोटर मोठी तर तार जाड. हाताला वजन लागलं पाहिजे. बारीक पायांच्या इलेक्ट्रॉनिकच्या वस्तूंना तो सरसकट किडे म्हणायचा. पण घरात सून आली ती नेमकी किड्यांतली. रुक्सार रहिमतपूरची, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक शिकलेली. शमशेरच्या मुलाशी, नईमशी, लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत दुकानाचं अर्धं टेबल तिनं बळकावलं. इन्व्हर्टर, पंख्याचे रेग्युलेटर, मिक्सर, सगळं तिच्याकडं यायला लागलं. सासरा मोटरीत डोकं घालून म्हणायचा, तुजं किडं माज्या वार्निशात पडतील बघ. ती म्हणायची, अब्बा, वार्निशच माझ्या किड्यांवर उडतंय. असं दोघांचं छान चाललं होतं.

आता केरबाचं सांगायला हवं, कारण केरबा नसता तर शमशेरनं त्या किड्यांना कधी हातही लावला नसता.

केरबा शिवड्याच्या वाटेवर, आपल्या मळ्यालगत राहतो. पलटणीत नोकरी करून आला, आल्या आल्या विहीर खोदली आणि पहिलीच मोटर कमी व्होल्टेजवर चालवून जाळली. ती सायकलीला बांधून त्यानं दुकानात आणली तेव्हा दोघांची ओळख झाली. शमशेरनं मोटर भरून दिली आणि बजावलं, व्होल्टेज बघितल्याबिगर बटन दाबलंस तर पुन्यांदा माज्या दारात येऊ नगंस. फौजी माणसाला हुकूम कळतो. केरबानं मोटरीच्या खोलीला बाहेरून तीन फेजचे तीन दिवे लावून घेतले, लाल, पिवळा आणि निळा, घरातल्या बाजेवरून दिसतील असे. तिन्ही नीट पेटले की तो उठायचा, मळ्यात जायचा आणि स्टार्टरचं हिरवं बटन अंगठ्यानं दाबायचा. पाण्याची पहिली धार पाटात पडली की मगच परत येऊन भाकरीला हात लावायचा. 'पैली ड्युटी, मग लंगर,' असं त्याचं पलटणीतलं वाक्य होतं. आजारी असला तरी, घरात पाहुणे असले तरी हा नेम मोडला नाही. बायको चंद्राबाई म्हणायची, आमच्या लग्नाच्या गाठीपरास त्या बटनाची गाठ घट्ट हाय.

गेल्या दिवाळीनंतर केरबाच्या अंगावरून वारं गेलं. आधी उजवी बाजू गेली, आणि दवाखान्यातच दुसरा झटका येऊन डावीही ढिली पडली. वाचा गेली. घरी आणला तेव्हा डोळे जागे होते आणि डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट तेवढं हलत होतं. मुलगा वीरधवलही फौजेत. तो रजेवर आला, बापाची सेवा केली आणि जाताना आईचा त्रास वाचावा म्हणून स्टार्टरला मोबाईलचं यंत्र बसवून गेला. लाईट आली की यंत्राचा मेसेज जायचा, तिकडं सरहद्दीवरून तो फोन लावायचा आणि इकडं मळ्यात मोटर सुरू व्हायची. गावात सगळ्यांनी पोराचं कौतुक केलं, आणि ते करण्यासारखंच होतं.

पण केरबा जेवेना. चंद्राबाई वाटीत भाकरी कुस्करून दूध घालायची, चमचा ओठाशी न्यायची, आणि हा दात घट्ट मिटायचा; दिवसभरात पाण्या-दुधाचे चार घोट जायचे तेवढेच. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय त्यांना, मनानं घेतलंय. असाच राहिला तर नळी घालावी लागेल, आणि नळीवर माणूस किती टिकतो ते तुम्हीच ओळखा. पोरगा फोनवर रडला. चंद्राबाई रडली नाही. तिनं फक्त शमशेरला निरोप धाडला.

शमशेर गेला तेव्हा सकाळ होती. केरबाचं तोंड खिडकीकडं होतं आणि गाल आत गेलेले होते. शमशेर शेजारी बसून उगाच उसाच्या गोष्टी बोलत राहिला. मध्येच मळ्याकडं तीन दिवे लागले. केरबाचे डोळे त्यांच्यावर खिळले आणि ते बोट गोधडीवर उचललं गेलं. तेवढ्यात मोटरीच्या खोलीतून खट्ट आवाज आला आणि मोटर आपोआप घुमायला लागली. वीरधवलचा फोन लागला होता. केरबाचं बोट खाली आलं, डोळे मिटले, आणि चंद्राबाई वाटी घेऊन आली तेव्हा दात मिटलेले होते.

शमशेरनं चंद्राबाईच्या हातातली वाटी बाजूला ठेवायला लावली.

"वहिनी, ह्यो रुसला न्हाई," तो म्हणाला. "ह्याची ड्युटी बाकी हाय. ड्युटी झाल्याबिगर ह्यो लंगरला कसा यील?"

केरबानं डोळे उघडले आणि शमशेरकडं बघितलं. इतक्या दिवसांत आपलं दुखणं कुणाला तरी कळलं, हे त्या नजरेत होतं. शमशेरनं आपला तळवा त्या बोटाखाली धरला आणि म्हणाला, दाब बघू. बोट टेकलं. मोटरी उचलून घट्टे पडलेल्या त्या तळव्याला स्पर्श झाला तो जेमतेम जाणवण्यापुरता. त्या बोटात माशी हाकलायचा जोर नव्हता, आणि हिरव्या बटनाला चांगला अंगठा लागतो. तरी उठताना शमशेर बोलून गेला की केरबा, मोटर तूच चालू करणार. बोलून गेला आणि वाटभर स्वतःला शिव्या देत राहिला, कारण कसं ते त्याला माहीत नव्हतं.

दुकानात येऊन त्यानं रुक्सारला सगळं सांगितलं. तिनं डबीतून एक वस्तू काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. काळा, चपटा, हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा तुकडा, खाली तीन पाय. तिनं सांगितलं, ह्याला ट्रायक म्हणतात, पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये हाच असतो. दोन पायांतून मोठा करंट जातो, आणि तिसरा पाय म्हणजे गेट. गेटला अगदी बारीक करंट दाखवला की मोठी वाट उघडते.

"किती बारीक?" शमशेरनं विचारलं.

"खेळण्यातला दिवा लागायला लागतो त्यापेक्षा कमी, अब्बा."

शमशेरचा विश्वास बसला नाही. पण मोह पडला. रुक्सार म्हणाली, मी बनवून देते. तो नको म्हणाला. केरबाच्या मोटरीला पहिल्यापासून माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही, आताही लागणार नाही, मला शिकव. सासरा विद्यार्थी झाला की सुनेला जोर येतो. तिनं अट घातली की पुरतं समजेपर्यंत घरच्या लाईटला हात लावायचा नाही, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर शिकायचं. हे त्याला पटलं, कारण वायंडिंगवाला कुठलीही नवी गोष्ट आधी बॅटरी आणि बल्बावरच तपासतो.

बॅटरी आली, हेडलाईटचा बल्ब आला. शमशेरनं चष्मा नाकावर घेऊन जोडणी केली. बल्ब विझलेला. गेटची केसाएवढी तार त्यानं क्षणभर टेकवली आणि बल्ब भक्कन लागला. त्यानं तार उचलली. बल्ब तसाच चालू. त्यानं तार हातात धरून लांब नेली, टेबलाखाली नेली, तरी बल्ब चालूच.

आयुष्यभर विजेशी घरोबा केलेला माणूस, पण त्याच्या अंगावर काटा आला. शेतातल्या पाटाचं दार हातानं उघडतात आणि हातानंच बंद करतात. हे दार नुसतं बोटानं सांगितलं की उघडत होतं, आणि एकदा उघडलं की सांगणाऱ्याचं ऐकत नव्हतं. बॅटरीची तार सोडली तेव्हाच ते मिटलं. त्या दुपारी दोन गिऱ्हाइकं मोटर घेऊन येऊन ताटकळून गेली. हा बल्ब लावत होता आणि सोडत होता, आणि रुक्सार तोंडाला पदर लावून हसत होती.

पुढची गोष्ट याहून न्यारी निघाली. शमशेरला धास्ती होती की गेटसुद्धा शेवटी लाईटच्याच वाटेवर असणार, मग आजारी माणसाचं बोट तिथं कसं लावायचं. रुक्सारनं सहा पायांचा एक पांढरा तुकडा काढला. त्याला ती ऑप्टो म्हणाली. त्याच्या आत एका बाजूला बारीकसा दिवा असतो आणि समोर त्याला बघणारा डोळा. मध्ये तार नाही, काही नाही. इकडं घड्याळाच्या सेलवर दिवा लागतो, तिकडं डोळ्याला दिसतो आणि तो मोठ्या ट्रायकचं गेट उघडून देतो. बोट राहतं सेलच्या बाजूला. लाईट इकडं येऊच शकत नाही, इकडून तिकडं फक्त उजेड जातो.

शमशेरनं तो तुकडा डोळ्याजवळ नेला आणि म्हणाला, दिवा दिसत न्हाई की.

"दिसायचा नाही, अब्बा. फोडून बघितला तरी नाही. माणसाच्या नजरेला दिसत नाही असला उजेड आहे तो."

शमशेर हळूच सुभानल्ला म्हणाला आणि तो तुकडा त्यानं टेबलावर इतक्या अलगद ठेवला की रुक्सारला नवल वाटलं. त्या दिवसापासून त्यानं किडे हा शब्द सोडला.

तेवढ्यात रुक्सारच्या आईचं दुखणं निघालं आणि ती रहिमतपूरला गेली. शमशेरला कुठं दम निघतोय. त्यानं जुन्या घड्याळातली स्प्रिंगची पट्टी कापून दोन पात्या केल्या, मध्ये कागदाएवढी फट ठेवली. पातीवर वाळलं पान पडलं तरी ती टेकायची. पाती, सेल, ऑप्टो, ट्रायक असं सगळं एका डब्यात बसवून बॅटरीवर पाहिलं. एकदा टेकलं की बल्ब लागतो आणि लागलेलाच राहतो. आता शिकायचं काही उरलं नाही असं त्याला वाटलं, आणि माणसाला असं वाटलं की समजावं, पाय घसरायची जागा जवळ आली.

तो डबा घेऊन केरबाकडं गेला. मोटरीच्या आधी सराव म्हणून त्यानं बाजेशेजारच्या साध्या बल्बला, घरच्या लाईटवर, तो जोडला. पाती केरबाच्या बोटाखाली ठेवली. चंद्राबाई दाराला टेकून उभी राहिली.

"एकदा टेकव, बास," शमशेर म्हणाला. "धरून बसायचं काम न्हाई. म्होरचं ते बघून घेतंय."

केरबाचं बोट थरथरलं, उतरलं, आणि बल्ब लागला. चंद्राबाईनं हात जोडले. केरबाच्या तोंडातून एक आवाज निघाला, महिन्याभरात पहिला. मग बोट थकून पातीवरून सरकलं आणि बल्ब विझला.

शमशेर म्हणाला, पुन्यांदा टेकव. लागला, विझला. जितका वेळ बोट तितकाच वेळ उजेड, आणि त्या बोटाला तिथं टिकायची ताकद नव्हती. तिसऱ्यांदा ते पातीपर्यंत पोचलंच नाही. केरबानं शमशेरकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर शमशेरनं सोसला असता. मग त्यानं डोळे मिटले आणि त्या दिवशी पाण्याचा चमचाही घेतला नाही. चंद्राबाई फाटकापर्यंत आली आणि समजुतीनं म्हणाली, भावजी, ऱ्हाऊ द्या आता, त्यास्नी लय आशा लावू नगा. डॉक्टरांनी सोमवारी नळी घालायला बोलावलंय.

शमशेर दुकानात आला आणि त्यानं ट्रायक बदलला. बॅटरीवर लावला तर दार उघडं राहतंय, घरच्या लाईटवर लावला तर मिटतंय. दुसरा बदलला, तेच. त्यानं ट्रायक विकणाऱ्या दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या. रुक्सार माहेराहून आली तेव्हा टेबलावर ट्रायकचा ढीग पडला होता आणि सासरा भट्टीशी पाठ करून बसला होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तुम्ही पहिल्यापासून बॅटरीवरच बघत होतात का. तो म्हणाला, मग, तूच सांगितलं हुतंस की. तिनं कपाळाला हात लावला. पुढचं सांगायचं राहून गेलं होतं आणि ती माहेरी निघून गेली होती. बोलून सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं म्हणून तिनं दुकानाचं शटर खाली ओढलं. आत अंधार झाला. टेबलावर वायरीचा बोर्ड होता, त्यावर एक बारीक लाल इंडिकेटर पेटलेला.

"हा बोर्ड वायरीला धरून जोरात हेलकावा द्या, अब्बा. आणि त्या लाल दिव्याकडं बघा."

तो बोर्ड दुकानात किती वर्षं होता कुणास ठाऊक. शमशेरनं वायरीला धरून हेलकावा दिला. अंधारात लाल रेघ उमटायला हवी होती. उमटले ते लाल ठिपके. एक ठिपका, मग अंधार, मग ठिपका, मग अंधार. त्यानं आणखी जोरात हेलकावा दिला, तर ठिपके लांब लांब गेले आणि मधला अंधार वाढला. त्यानं हात थांबवला आणि दिवा पुन्हा शहाण्यासारखा एकसारखा पेटलेला दिसायला लागला.

"ह्यो विझतोय," शमशेर म्हणाला.

"सेकंदाला शंभर वेळा. घरची लाईट एका बाजूनं येते, संपते, दुसऱ्या बाजूनं येते, पुन्हा संपते. संपते त्या क्षणी तारेत काहीच नसतं. पाटातलं पाणी आटलं की ट्रायकचं दार आपोआप मिटतं. बॅटरीचं पाणी आटतच नाही, म्हणून तिथं ते उघडं राहत होतं. इथं त्याला दर वेळी नव्यानं सांगावं लागतं."

शमशेर अंधारातच खाली बसला. पन्नास सायकल हा शब्द त्यानं भरलेल्या प्रत्येक मोटरीच्या पत्र्यावर कोरलेला असायचा. तो पत्रा त्यानं आयुष्यभर पुसला, घासला, पुन्हा ठोकला. पन्नास सायकलवर मोटर किती फेरे घेते हे तो झोपेतही सांगेल. पण पन्नास सायकल म्हणजे सेकंदाला शंभर वेळा काळोख, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. मशिदीतला दिवा, बायको गेली त्या रात्री उशाशी पेटलेला दिवा, केरबाच्या मोटरीचे तीन दिवे, सगळे त्याच्या डोळ्यांसमोर विझत होते आणि पेटत होते, आणि त्याला ते अखंड वाटत आले होते. साठी ओलांडल्यावर, आपल्याच दुकानात, आपल्याच बोर्डावर त्याला हे दिसलं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते दुःखानं नव्हे. एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं हाताखाली होती याचंच त्याला राहून राहून आश्चर्य वाटत होतं.

रुक्सारनं शटर वर केलं. म्हणाली, मग आता केरबाचाचांनी बोट धरून ठेवायला हवं, दुसरा उपाय शोधावा लागेल. शमशेरची नजर कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या एका स्टार्टरवर गेली होती. तो उठला, स्टार्टरचं झाकण काढलं आणि हिरव्या बटनावर अंगठा ठेवला.

"पोरी, हे बटन आपण दाबतो आणि हात काढतो. मग मोटर का बंद पडत न्हाई?"

"कारण कॉईल ओढली गेली की..." रुक्सार बोलता बोलता थांबली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"की आतली पट्टी चिकटती, आणि ती पट्टीच कॉईलला लाईट देत ऱ्हाती. स्टार्टर एकदा जागा झाला की सोताचा हात सोता धरून बसतो." शमशेरनं बटन पुन्हा दाबून दाखवलं. "मला तुज्या ट्रायकनं धरून ठिवायला नकोच हाय. त्यानं स्टार्टरला एकदा हाक मारली की बास. केरबानं क्षणभर बोट टेकवायचं, मग भले उचलावं."

त्यानंतर दोघं कामाला भिडली. स्टार्टरची कॉईल दोन फेजवरची होती, तेवढा ताण ऑप्टोला झेपणार नाही असं रुक्सार म्हणाली, म्हणून शमशेरनं कॉईल बदलून एका फेजवरची बसवली. ट्रायक त्यानं हिरव्या बटनाच्या दोन टोकांना जोडला. पातीपासून मळ्यापर्यंतची तार दोघांनी मिळून ओढली, सून पुढं आणि सासरा मागं. बंद करायची सोय केली का, असं चंद्राबाईनं विचारलं. शमशेर म्हणाला, लाल बटन हाय की तुमाला, न्हाईतर लाईट काय जायची ऱ्हाती व्हय. चंद्राबाई खूप दिवसांनी हसली.

वीरधवलला फोन शमशेरनं केला. उद्यापासून मोटर लावू नकोस म्हणाला. पोरगा म्हणाला, चाचा, मला वाटलं मी आईला मदत करतोय. शमशेरनं त्याला सांगितलं की ती मदतच होती आणि त्यात तुझी चूक काही नाही, पण तुझ्या बापाला मदत नको आहे, ड्युटी हवी आहे. फौजीला ते पुढं समजवावं लागलं नाही.

सोमवारी सकाळी शमशेर आणि रुक्सार केरबाच्या घरी होते. दवाखान्यात न्यायची गाडी दारात येऊन थांबली होती. पाती केरबाच्या बोटाखाली होती, पण केरबानं डोळे उघडले नव्हते. मागच्या वेळचा अनुभव त्याच्याही लक्षात होता. शमशेरनं यावेळी काही वचन दिलं नाही. तो एवढंच म्हणाला, गड्या, बॅटरीवर बघून तुला भलतंच सांगितलं, चूक माझी होती. लाईट आली की बघ, वाटलं तर टेकव.

वाट बघता बघता चहा झाला. गाडीवाला दोनदा आत डोकावून गेला. आणि मग मळ्यात लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे लागले. शमशेरला आता त्यांच्याकडं साध्या नजरेनं बघता येईना. ते पेटत होते आणि विझत होते, तो ते जाणून होता.

दिव्यांचा उजेड पापण्यांवर पडणं शक्य नव्हतं, ते फार लांब होते. पण केरबानं डोळे उघडले. तिन्ही दिवे त्यानं नीट बघून घेतले, फौजीनं बघावेत तसे, एकेक करून. घरात कुणी हललं नाही. बोट वर आलं, हवेत थरथरलं आणि पातीवर उतरलं.

मळ्यात खट्ट वाजलं. मोटर घुमली. बोट लगेच थकून पातीवरून घसरलं आणि चंद्राबाईनं डोळे गच्च मिटून घेतले. मोटर चालूच राहिली. ती घुमत राहिली, पाइप थरथरला, आणि खिडकीतून दिसणाऱ्या पाटात पाण्याची पहिली धार पडली.

शमशेर त्या बोटाकडं बघत होता. माशीही न हाकलू शकणारं बोट. त्यानं एका पातीला हात लावला, पातीनं न दिसणारा दिवा लावला, दिव्यानं दार उघडलं, दारानं स्टार्टरला हाक मारली, आणि एवढी मोठी मोटर विहिरीच्या तळातून पाणी ओढायला लागली. हे सगळं त्यानं स्वतःच्या हातानं जोडलं होतं, तार न् तार त्याला पाठ होती, तरी त्याचा त्यावर विश्वास बसत नव्हता. त्यानं रुक्सारचा हात घट्ट धरला होता हे त्याला नंतर कळलं.

केरबाचं बोट पुन्हा उचललं गेलं आणि पातीवर टेकलं. मग पुन्हा. मोटर तर चालूच होती, आता टेकवून उपयोग काहीच नव्हता. गाडीवाला दारातून म्हणाला, आता कशाला दाबतायत. शमशेरनं त्याला हातानं गप्प केलं.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मोटर ऐकतीया, ते बघून घेतोय त्यो."

चंद्राबाई आत गेली. भाकरी कुस्करून दूध घातलेली वाटी घेऊन आली, बाजेवर बसली आणि चमचा भरला. थोडं दूध गोधडीवर सांडलं. केरबानं पाटातल्या पाण्यावरून नजर काढली, तिच्याकडं वळवली आणि तोंड उघडलं.